एबीएल जनुक, त्याचे विकर आणि एका गोळीची किंमत

प्रस्तावना

उज्जैन हे माळव्यातील प्राचीन शहर. अठराव्या शतकात शिंद्यांची राजधानी तेथे होती आणि १८१० साली दौलतराव शिंदे यांनी ती ग्वाल्हेरला हलवली. त्या काळापासून उज्जैनमध्ये मराठी बोलणारी कुटुंबे राहत आली आहेत. या शहराचे मुंबईशी जे नाते आहे, त्यात आजारपणाचाही एक धागा आहे. इंदूरहून सुटणारी अवंतिका एक्सप्रेस उज्जैनमार्गे रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबई सेंट्रलला पोहोचते. तेथून परळचे टाटा स्मारक रुग्णालय जवळच आहे. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. माळवा, खानदेश, विदर्भ अशा दूरदूरच्या प्रदेशांतील कर्करोगाचे रुग्ण कित्येक वर्षे उपचारासाठी तेथे येत आहेत.

अशा रुग्णांत एक आजार असा आहे की ज्याच्या बाबतीत गेल्या पंचवीस वर्षांत चित्र पूर्णपणे पालटले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हे त्याचे नाव. हा रक्ताचा, सावकाश वाढणारा कर्करोग आहे. पूर्वी त्याचे निदान झाले की रुग्णापुढे मोजकी वर्षे उरत. आज दररोज गोळी घेणारा रुग्ण बहुधा नोकरी करतो, घर चालवतो आणि मुलांची लग्नेही पाहतो. हा बदल एका जनुकाच्या आणि त्या जनुकापासून तयार होणाऱ्या विकराच्या अभ्यासामुळे शक्य झाला. मात्र तो सामान्य रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी प्रयोगशाळेतील ज्ञान पुरेसे ठरले नाही. त्यासाठी न्यायालयाची पायरीही चढावी लागली. प्रस्तुत लेखात एबीएल या जनुकाची रचना, त्याच्या विकराचे कार्य, त्यातील बिघाड, त्यावरील औषध आणि त्या औषधाच्या पेटंटचा भारतातील वाद यांचा क्रमाने परिचय करून दिला आहे. कम्युनिटी कॉलेजमधील शिक्षकांना जीवशास्त्र, आरोग्यशिक्षण किंवा नागरिकशास्त्र शिकवताना या एकाच उदाहरणाचा उपयोग करता येईल.

पेशीतील शिक्का आणि कारकून

शरीरातील प्रत्येक पेशीला बाहेरून सतत संदेश मिळत असतात. विभाजन कर, थांब, जागा सोड, दुरुस्ती कर, आता काम संपव, असे त्यांचे स्वरूप असते. हे संदेश पेशीच्या पृष्ठभागापासून केंद्रकापर्यंत पोहोचवण्याचे काम प्रथिनांची एक साखळी करते. या साखळीतील सर्वांत महत्त्वाची विकरे म्हणजे कायनेज होत.

कायनेजचे काम सरकारी कचेरीतील कारकुनाच्या उदाहरणाने समजावता येते. कागदावर शिक्का पडला की तो पुढच्या टेबलाकडे सरकतो. शिक्का नसेल तर तो तसाच पडून राहतो. कायनेज हे विकर एटीपी या ऊर्जावाहक रेणूतील एक फॉस्फेट गट काढून दुसऱ्या प्रथिनावर बसवते. हा फॉस्फेट म्हणजेच शिक्का. तो बसला की त्या प्रथिनाचा आकार व वर्तन बदलते आणि संदेश पुढे जातो. शिक्का पुसण्याचे काम करणारी वेगळी विकरे असतात, त्यांना फॉस्फेटेज म्हणतात. शिक्का मारणे आणि तो वेळेवर पुसणे यांच्या समतोलावर पेशीची शिस्त अवलंबून असते.

मानवी जनुकसंचात प्रथिनांवर काम करणारी ५१८ कायनेज असल्याची यादी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी बहुतेक कायनेज सेरीन किंवा थ्रिओनिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसवतात. सुमारे ९० कायनेज टायरोसिन या अमिनो आम्लावर काम करतात. संख्येने थोडी असली तरी पेशीची वाढ आणि विभाजन यांचे महत्त्वाचे निर्णय या टायरोसिन कायनेजच्या हाती असतात. एबीएल हे त्यांपैकीच एक आहे.

एबीएल जनुकाची ओळख

या जनुकाचे नाव एका शास्त्रज्ञावरून पडले. हर्बर्ट एबलसन यांनी १९७० साली उंदरांमध्ये ल्युकेमिया निर्माण करणारा एक विषाणू शोधून काढला. पुढे असे लक्षात आले की त्या विषाणूने आपल्या जनुकसंचात उंदराच्याच पेशीतील एक जनुक उचलून घेतले होते. म्हणजे कर्करोग घडवणारे जनुक मुळात विषाणूचे नव्हतेच, ते निरोगी पेशीचे होते. १९८० साली ओवेन विट्टे, आसिम दासगुप्ता आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एबलसन विषाणूच्या प्रथिनाला टायरोसिनवर फॉस्फेट लागत असल्याचे दाखवले.

मानवामध्ये हे जनुक ९ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, टोकाजवळ आहे. त्याचे अधिकृत नाव एबीएल-१ असे आहे. या जनुकाला दोन वेगवेगळे आरंभीचे खंड आहेत. पेशी त्यांपैकी एकाचा वापर करते. त्यामुळे प्रथिनाची दोन रूपे तयार होतात. त्यांतील एक १,१३० आणि दुसरे १,१४९ अमिनो आम्लांचे असते. निरोगी पेशीत हे प्रथिन केंद्रकात आणि पेशीद्रवात ये-जा करते. पेशीचा सांगाडा हलवणे, डीएनएला इजा झाली असता प्रतिसाद देणे, विभाजनाच्या चक्रावर नियंत्रण ठेवणे अशा अनेक कामांत त्याचा सहभाग असतो. तात्पर्य, एबीएल हे वाईट जनुक नाही. त्याच्यावाचून शरीराचे चालत नाही.

कडी आणि कोयंडा

सामान्य स्थितीत एबीएल विकर बहुतेक वेळ बंद असते. गरज पडली तरच ते काही काळ सुरू होते. ते बंद कसे राहते, हा या विषयातील सर्वांत रंजक भाग आहे.

विकराच्या मध्यभागी शिक्का मारणारा मुख्य भाग असतो. त्याच्या आधी दोन छोटे भाग असतात आणि ते मुख्य भागाच्या पाठीवर चिमट्यासारखे बसून त्याची हालचाल रोखतात. मोठ्या रूपाच्या आरंभीच्या टोकाला मायरिस्टिक आम्लाचा चौदा कार्बनचा एक स्निग्ध तुकडा जोडलेला असतो. हे आम्ल आपल्या स्वयंपाकघरातील जायफळाच्या स्निग्धांशात मुबलक असते. जायफळाच्या झाडाच्या शास्त्रीय नावावरूनच त्याला हे नाव मिळाले. हा स्निग्ध तुकडा वळून मुख्य भागाच्या तळाशी असलेल्या एका खोबणीत शिरतो. दाराची कडी कोयंड्यात अडकवावी तसा हा प्रकार आहे. कडी अडकली की चिमटा घट्ट बसतो आणि विकर बंद राहते. जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेतील आणि युरोपातील संशोधकांनी २००३ साली ही रचना उलगडून दाखवली. कुरियन यांचा जन्म भारतातला.

या कडीची आठवण ठेवणे आवश्यक आहे. आजार होतो तो ही कडी निखळल्यामुळे, आणि अलीकडचे एक औषध याच कोयंड्यात बसते.

दोन गुणसूत्रांची अदलाबदल

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र असे नाव पडले. एखाद्या कर्करोगाशी गुणसूत्रातील ठराविक बदलाचा संबंध जोडला गेल्याची ही पहिलीच घटना होती. हा तुकडा हरवला आहे असा तेव्हा समज होता. १९७३ साली शिकागो येथील जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की तुकडा हरवलेला नाही. ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांना दिले आहेत.

१९८२ साली या अदलाबदलीत एबीएल जनुक ९ व्या गुणसूत्रावरून २२ व्या गुणसूत्रावर जाते, हे सिद्ध झाले. तेथे ते बीसीआर नावाच्या जनुकाला जाऊन चिकटते. अशा रीतीने बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते. हे जोडजनुक निरोगी माणसाच्या वारशात नसते.

या जोडणीत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली म्हणजे एबीएलचा आरंभीचा खंड तुटून मागे राहतो, त्याबरोबर जायफळाच्या आम्लाची कडी जाते. दुसरी म्हणजे तिच्या जागी आलेल्या बीसीआरच्या भागाला एकमेकांना बिलगण्याची सवय असते. त्यामुळे दोन-चार विकरे एकत्र येतात आणि परस्परांवरच शिक्के मारून एकमेकांना सुरू ठेवतात. आता कारकुनाला कोणाच्या आदेशाची गरज उरत नाही. तो रात्रंदिवस शिक्के मारत सुटतो. पेशीला विभाजनाचे आदेश अखंड मिळत राहतात, मरण्याचा आदेश दाबला जातो आणि अस्थिमज्जेला धरून राहण्याची तिची ताकदही कमी होते. अपरिपक्व पांढऱ्या पेशी रक्तात उतरू लागतात.

ही अदलाबदल का होते, हे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत सांगता येत नाही. तीव्र किरणोत्सार हे एक ज्ञात कारण आहे. हिरोशिमाच्या अणुबाँबमधून वाचलेल्या लोकांत या आजाराचे प्रमाण वाढलेले आढळले होते.

लक्षणे आणि निदान

आजाराची सुरुवात बहुधा चोरपावलांनी होते. थकवा, वजन घटणे, रात्री घाम येणे आणि डाव्या बरगडीखाली जडपणा ही नेहमीची लक्षणे आहेत. जडपणा वाढलेल्या प्लीहेमुळे येतो. अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत हा आजार सापडतो. निरोगी प्रौढाच्या रक्तात प्रति घनमिलिमीटर सुमारे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. या आजारात ही संख्या लाखाच्याही पुढे जाऊ शकते. नुसत्या संख्येवरून निदान होत नाही. फिलाडेल्फिया गुणसूत्र किंवा बीसीआर-एबीएल यांची तपासणी करावीच लागते. पीसीआर तंत्राने हे जोडजनुक अत्यल्प प्रमाणातही मोजता येते.

भारतातील एक वेगळेपण येथे नोंदवले पाहिजे. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने साठीच्या आसपास आढळतो. भारतातील रुग्णांचे मध्यम वय ३५ ते ४० वर्षांच्या दरम्यान असल्याचे आढळून आले आहे. म्हणजे घर चालवणारा कर्ता पुरुष किंवा लहान मुलांची आई आजारी पडते. औषधाच्या किमतीचा प्रश्न येथे इतका तीव्र का झाला, याचे एक कारण यात आहे.

उपचार न झाल्यास हा आजार तीन टप्प्यांतून जातो. पहिला संथ टप्पा काही वर्षे चालतो. नंतर वेग वाढतो आणि शेवटी तीव्र ल्युकेमियासारखा भडका उडतो. औषधाचा खरा लाभ पहिल्याच टप्प्यात होतो. म्हणूनच वेळेवर निदानाला महत्त्व आहे.

औषधाचा शोध

१९५० च्या दशकापासून बुसल्फान, पुढे हायड्रॉक्सियुरिया ही औषधे पांढऱ्या पेशींची संख्या खाली आणत. पण त्यांनी आजाराची वाटचाल थांबत नसे. १९८० च्या दशकात इंटरफेरॉनची इंजेक्शने आली. काही रुग्णांना त्यांचा गुण आला, मात्र ताप, अंगदुखी आणि उदासी यांनी ते हैराण होत. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मुळापासून बरे करण्याचा मार्ग होता. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. तथापि जुळणारा दाता, खर्च आणि जिवाची जोखीम या तीन अडचणींमुळे हा मार्ग थोड्यांनाच उपलब्ध होता.

आजाराचे मूळ एकाच विकरात आहे हे कळल्यावर संशोधनाची दिशा बदलली. स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी या कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमन आणि सहकाऱ्यांनी कायनेज रोखणाऱ्या रेणूंची मालिका तयार केली. अमेरिकेतील ओरेगन येथील डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी त्या रेणूंची रुग्णांच्या पेशींवर परीक्षा घेतली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात एक रेणू ल्युकेमियाच्या पेशी मारतो आणि निरोगी पेशींना फारसा हात लावत नाही, असे दिसून आले. त्याचे नाव इमॅटिनिब. दरम्यान सिबा-गायगी आणि सँडोझ यांचे विलीनीकरण होऊन नोव्हार्टिस ही कंपनी अस्तित्वात आली होती.

इमॅटिनिबचे कार्य कारकुनाच्या उदाहरणातून सांगता येते. शिक्का मारण्यासाठी शाईची गादी लागते. एटीपी ही ती गादी होय. विकराच्या ज्या खाचेत एटीपी बसतो, तिच्या जागी इमॅटिनिब जाऊन बसतो आणि विकराला त्याच्या बंद अवस्थेत अडकवून ठेवतो. शाई नाही, म्हणून शिक्का नाही.

रुग्णांवरील पहिली चाचणी १९९८ साली सुरू झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दररोज ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्या, इंटरफेरॉनचा उपयोग न झालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्तचित्र पूर्ववत झाले. १० मे २००१ रोजी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पुढे मोठ्या चाचणीतील रुग्णांचा दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करण्यात आला. तेव्हा इमॅटिनिबने उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी दहा वर्षांनी सुमारे ८३ टक्के हयात असल्याचे आढळले. ड्रुकर, लायडन आणि चार्ल्स सॉयर्स यांना २००९ साली लास्कर पुरस्कार देण्यात आला.

विकर पुन्हा निसटते तेव्हा

सर्वच रुग्णांना इमॅटिनिब कायमचे लागू पडते असे नाही. काहींच्या पेशींत बीसीआर-एबीएलमध्ये नवे बदल होतात. ३१५ व्या जागेवरील थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आले की खाचेचे तोंडच बदलते आणि इमॅटिनिब आत बसत नाही. एका अमिनो आम्लाच्या फरकाने औषध निष्प्रभ होते. हे वाचून जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रथिनाच्या रचनेचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून २००६ साली डॅसॅटिनिब, २००७ साली निलोटिनिब आणि २०१२ साली बोसुटिनिब व पोनॅटिनिब या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यांपैकी पोनॅटिनिब ३१५ व्या जागेवरील बदलालाही पुरून उरते. २०२१ साली असिमिनिब आले आणि त्याचा मार्ग निराळा आहे. ते एटीपीच्या खाचेकडे जातच नाही. आजारात कडी निखळून रिकामा झालेला जो कोयंडा, म्हणजे मायरिस्टिक आम्लाची खोबण, तिच्यात ते शिरते. निसर्गाने विकर बंद ठेवण्याची जी युक्ती योजली होती, तीच हे औषध पुन्हा अमलात आणते.

भारतातील पेटंटचा वाद

औषध सापडले, पण ते कोणाला मिळणार, हा प्रश्न भारतात लगेच उभा राहिला. येथे थोडा पूर्वेतिहास पाहणे आवश्यक आहे.

१९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले होते. पेटंट मिळे ते फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध स्वस्तात बनवणे कायदेशीर होते. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापन केलेली सिप्ला आणि इतर भारतीय कंपन्या या धोरणामुळे भरभराटीला आल्या. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिच्या करारानुसार भारताला १ जानेवारी २००५ पासून औषधाच्या रेणूवरही पेटंट देणे भाग पडले. हा बदल करताना संसदेने कायद्यात कलम ३(ड) दुरुस्त केले. माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला, त्याची परिणामकारकता वाढत नसेल तर, नवा शोध मानता येणार नाही, असा त्याचा आशय आहे.

इमॅटिनिबच्या मूळ रेणूचे पेटंट परदेशात १९९० च्या दशकातच झाले होते. नोव्हार्टिसने १९९८ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला तो इमॅटिनिब मेसिलेट या क्षाराच्या बीटा स्फटिकरूपासाठी. बाजारातील गोळीत हेच रूप असते. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीला भारतात विक्रीचे एकमेव हक्क मिळाले. त्यांच्या आधारे तिने भारतीय उत्पादकांविरुद्ध दावे लावले. मद्रास उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला, मुंबई उच्च न्यायालयाने मात्र तसा हुकूम देण्यास नकार दिला.

रुग्णांच्या वतीने उभी राहिली ती मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था. पेटंटच्या अर्जाला तिने हरकत घेतली. नॅटको, सिप्ला, रॅनबॅक्सी आणि हेटेरो या कंपन्यांनीही हरकती नोंदवल्या. प्रकरणाचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

१. जानेवारी २००६ : चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला.

२. ६ ऑगस्ट २००७ : कलम ३(ड) घटनाबाह्य असल्याचा कंपनीचा दावा मद्रास उच्च न्यायालयाने अमान्य केला.

३. जून २००९ : बौद्धिक संपदा अपील मंडळानेही पेटंट नाकारले.

४. १ एप्रिल २०१३ : सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. खंडपीठात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई होते. निकाल न्या. आलम यांनी लिहिला.

कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. बीटा रूप अधिक स्थिर आहे, ओल कमी शोषते, गोळी बनवण्यास सोपे आहे आणि शरीरात सुमारे ३० टक्के अधिक प्रमाणात शोषले जाते, असे तिचे म्हणणे होते. सुमारे चाळीस देशांनी त्याला पेटंट दिले असल्याचे आणि भारतातील बहुसंख्य रुग्णांना आपण औषध मोफत देत असल्याचेही तिने सांगितले. न्यायालयाने असा निर्वाळा दिला की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती. स्थैर्य आणि ओल न शोषणे हे गुण उपयुक्त असले तरी त्यांनी ती शक्ती वाढल्याचे सिद्ध होत नाही. अधिक शोषण झाल्याने रोगावर अधिक परिणाम होतो, याचा पुरावाही पुढे आलेला नाही.

या निकालाचे मोल आकड्यांत पाहता येते. त्या काळी कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध सुमारे ८,००० ते १०,००० रुपयांत मिळत होते. हे औषध महिन्या-दोन महिन्यांचे नाही, बहुधा जन्मभराचे आहे. पहिला आकडा शिक्षकाच्या किंवा लहान दुकानदाराच्या घराला पेलणारा नव्हता. दुसराही जड होता, पण नातलगांची आणि संस्थांची मदत घेऊन गाठता येण्याजोगा होता. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबचा समावेश आवश्यक औषधांच्या आदर्श यादीत केला.

या निकालाने भारतात पेटंट बंद झाले, असा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. खऱ्या नव्या रेणूला पेटंट मिळतेच. डॅसॅटिनिबचे पेटंट भारतात होते आणि त्याची मुदत २०२० साली संपली. मिळणार नाही ते जुन्याच रेणूला नवे रूप देऊन मक्तेदारी लांबवण्याचे पेटंट.

अध्यापनाच्या दृष्टीने काही मुद्दे

कम्युनिटी कॉलेजमध्ये येणारे विद्यार्थी पुढे प्रयोगशाळा सहायक, परिचारिका, औषध विक्रेते किंवा आरोग्य कार्यकर्ते होतात. घराघरांतील समजुतींशी त्यांचा संबंध येतो. या आजाराविषयी पुढील गैरसमज वर्गातच दूर करणे हिताचे ठरते.

१. जनुकाचा आजार म्हणजे वंशपरंपरागत आजार, असा अनेकांचा समज असतो. बीसीआर-एबीएल मात्र जन्मानंतर अस्थिमज्जेतील एका मूळ पेशीत निर्माण होते. ते आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. रुग्णाच्या भावाबहिणींची किंवा मुलांची सोयरीक या कारणाने मोडणे सर्वस्वी चुकीचे आहे.

२. हा आजार संसर्गजन्य नाही. एकत्र जेवल्याने, राहिल्याने किंवा स्पर्शाने तो पसरत नाही.

३. बरे वाटू लागले की गोळी सोडण्याची प्रवृत्ती सर्वांत घातक आहे. रक्तचित्र पूर्ववत झाले तरी मूळ पेशी शिल्लक असू शकतात. अनेक वर्षे आजाराचे प्रमाण अत्यल्प राहिलेल्या निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर बंद करून पाहतात. त्यांपैकी निम्म्यांच्या आसपास रुग्णांत आजार परत येत नाही. पण हा निर्णय नियमित पीसीआर तपासणीच्या आधारेच घ्यायचा असतो.

४. गर्भधारणेच्या काळात इमॅटिनिबने बाळाला अपाय होऊ शकतो. मूल हवे असणाऱ्या स्त्री रुग्णाने आधीच डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

५. रोजा किंवा उपवासाच्या दिवसांत गोळीची वेळ बदलावी लागल्यास तेही डॉक्टरांना विचारून करावे. ही गोळी जेवणाबरोबर आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते.

वर्गात मोठ्या साधनांची गरज नाही. दोन रंगांच्या कागदी पट्ट्या कापून आणि त्यांचे तुकडे अदलाबदल करून गुणसूत्रांचे स्थलांतर दाखवता येते. रबरी शिक्का, शाईची गादी आणि गादीवर ठेवलेला प्लास्टिकचा तुकडा यांतून एटीपी आणि इमॅटिनिब समजावता येतात. दाराची कडी तर प्रत्येक वर्गाला असतेच. नागरिकशास्त्राच्या तासाला विद्यार्थ्यांचे दोन गट करून एकाला कंपनीची आणि दुसऱ्याला रुग्णांची बाजू मांडायला लावावी.

समारोप

उंदरांच्या विषाणूत सापडलेले एक जनुक, फिलाडेल्फियात दिसलेले एक आखूड गुणसूत्र आणि विकराच्या तळाशी असलेली एक खोबण यांचा शोध घेणाऱ्यांना उज्जैन किंवा परळ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्यांच्या कामामुळे उज्जैनच्या रुग्णाच्या आयुष्यात वर्षांची भर पडू शकते. ज्ञान आणि रुग्ण यांच्यामध्ये किंमत उभी असते, आणि ती किंमत कायदा, संस्था आणि न्यायालय ठरवत असतात, हेही या प्रकरणाने दाखवून दिले.

यापुढचा टप्पा शिक्षकांच्या हाती आहे. रक्ततपासणीतील वाढलेली संख्या वेळीच ओळखणे, पीसीआरची पुढची तारीख न चुकवणे, गोळी न सोडणे आणि रुग्णाच्या घरच्यांना लग्नाच्या बाजारात अपमान सोसावा लागू नये एवढी समज समाजात रुजवणे, ही कामे कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाहीत. ती वर्गात आणि मोहल्ल्यातच होतात.